घोडीच्या पायासाठी तालुक्याचे खाजगी डॉक्टर: पाचपैकी चार तारे

यवतमाळकडे गाई-बैलाचा डॉक्टर सापडतो, घोड्याचा पाय हाती धरणारा शोधावा लागतो. "घोडं असन तर नागपूरले न्या" असं दोघांनी फोनवरच सांगितलं. हे तिसरे. मोटारसायकलवर पेटी बांधून आले.

आमची घोडी वरातीची. तूर सवंगलेल्या वावरातून येताना तिरपा कापलेला खुंट मागच्या डाव्या पायात घुसला, खुराच्या वरच्या सांध्याच्या मागल्या बाजूला. छिद्र करंगळीच्या नखाएवढं, रक्तही बेताचंच. पण दुसऱ्या दिवशी ती पाय टेकेना.

डॉक्टरांनी आल्याबरोबर इंजेक्शन भरलं नाही, मी तारे देतोय ते त्यासाठीच. आमच्या सालदारानं हळद-चुन्याची वाटी कालवून ठेवली होती, ती आधी दूर ठेवायला लावली. गुंगीचं औषध देऊन केस साफ केले, जखम सलाईननं धुतली आणि चिमट्यानं आतून तुरीच्या काडीचा तुकडा काढला. मग जखमेच्या विरुद्ध बाजूची कातडी नीट धुऊन, नवे हातमोजे घालून सांध्यात सुई घातली आणि निर्जंतुक सलाईन सोडलं. आम्ही सगळे छिद्राकडे टक लावून. ते पाणी जखमेतून बाहेर आलं असतं तर सांधा फुटलेला, आणि मग घरी काहीच करायचं नाही, त्याच दिवशी नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात न्यायचं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पाणी आलं नाही.

टाका घातला नाही. "वरून मिटलं अन् आत पू राहिला तर काय कामाचं? खालून भरू द्या." घोड्याला धनुर्वात गाईपेक्षा फार लवकर धरतो, म्हणून त्याची लस आणि तयार प्रतिविष दोन्ही दिलं. पेनिसिलिन रोज टोचायला कंपाउंडर येत होता, वेळेवर.

पट्टी बांधायला मात्र त्यांनी मलाच शिकवलं. जखमेवर जाळीची पट्टी, त्यावर कापसाचा जाड थर खुरापासून वरपर्यंत सारखा, कुठे गाठ नाही, मग क्रेप बँडेज अर्ध्यावर अर्धं चढवत. कापसाशिवाय नुसतं क्रेप आवळलं तर मागची शीर दुखावते, ही त्यांची ताकीद. धुण्यासाठी लिटरभर सलाईनमध्ये पोव्हिडोन आयोडीन फक्त दहा मिली, फिक्या चहासारखा रंग आला की पुरे. हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली मी दाखवली, तर म्हणाले, ती नवीन मासही जाळते. चांगल्या मागच्या पायालाही पट्टी बांधायला लावली, कारण सगळं वजन त्याच्यावर येत होतं. चणा-चुनी बंद, नुसता कडबा आणि पाणी. उभ्या घोड्याला दाणा चारला तर खुरात दाह होतो, म्हणे.

घोडी पाय टेकायला लागल्यावर मला लग्नाच्या तारखांची घाई झाली. "राजेहो, तारीख मी देत नाही, घोडी देईन," म्हणून त्यांनी आधी लगाम धरून सपाट रस्त्यावर थोडं थोडं चालवायला लावलं. अचानक जास्त लंगडली, सांधा सुजला किंवा पिवळसर, तार धरणारं चिकट पाणी दिसलं तर रात्री दोनलाही फोन करा, असंही म्हणाले. गुडघ्याखालच्या जखमेत मास फुगून वर येतं, त्यावर मोरचूद लावू नका, मला दाखवा, हेही. थोडं आलंच, ते त्यांनी कापून काढलं.

एक तारा कापला तो पैशाच्या व्यवहारासाठी. पहिल्या भेटीचे आठशे घेतले, ते मला जास्त वाटत नाहीत, पण पावती मागितली तर हसले. औषधं लिहून देतात ती एकाच दुकानात मिळतात, आणि अक्षर त्या दुकानदारालाच वाचता येतं. शिवाय एक्स-रेची सोय नाही. खुंट हाडाला लागला की नाही, हे त्यांना हातानंच चाचपून सांगावं लागलं.

सध्या घोडी नीट चालते. ठिकरीच्या रस्त्यावर मी अजून नेत नाही.