सात महिने उशाशी असलेला रशियन कथांचा संग्रह

एकोणिसाव्या शतकातील रशियन कथांच्या मराठी अनुवादांचा हा जाडजूड संग्रह घेऊन सात महिने झाले, आणि बहुतेक कथा दोनदा वाचल्यावरच हा अनुभव लिहीत आहे. पहिल्या वाचनात गरीब तेवढे सज्जन आणि साहेब तेवढे दुष्ट, असा या कथांचा सरळ हिशेब वाटला होता. तो चुकला याला पुस्तकही थोडे जबाबदार आहे. रशियाचा झार पीटर पहिला याने १७२२ मध्ये लागू केलेल्या चौदा सरकारी दर्जांविषयी (पहिला सर्वांत वरचा, चौदावा सर्वांत खालचा) त्यात एकही टीप नाही. शेवटी ते दर्जे मी एका कार्डावर उतरवले आणि तेच कार्ड खूण म्हणून पुस्तकात ठेवले.

त्यानंतर गोगोलची ‘ओव्हरकोट’ (१८४२) निराळीच वाटली. अकाकी अकाकियेविच नवव्या दर्जाचा कारकून आहे, आणि त्या काळी मुलकी नोकरीत वंशपरंपरागत उमरावपद आठव्या दर्जाला मिळत असे. वर्षाला चारशे रूबल मिळवणारा हा माणूस ऐंशी रूबलच्या कोटासाठी संध्याकाळचा चहा सोडतो, तेव्हा तो केवळ थंडीशी झगडत नसतो.

संग्रहातील सर्वांत मोलाची कथा मात्र चेखव्हची ‘लठ्ठ आणि रोडका’ (१८८३) ही आहे. स्टेशनवर भेटलेला शाळासोबती तिसऱ्या दर्जाला पोहोचल्याचे कळताच आठव्या दर्जाचा रोडका अंग चोरू लागतो. येथे अनुवादकाने ‘तू’वरून थेट ‘आपण’वर उडी घेतली आहे, आणि मराठीत ती मुळाइतकीच बोचते. पहिल्या आवृत्तीत लठ्ठ हा रोडक्याचा वरिष्ठ होता. १८८६ मध्ये चेखव्हने ते नाते काढून टाकले. त्यामुळे लाचारीला कारणच उरले नाही, आणि कथा अधिक भीषण झाली. इतरत्र मात्र दर्जानुसार बदलणारी सारी संबोधने एका ‘साहेबा’त कोंबली आहेत, ही माझी मोठी तक्रार.

टॉलस्टॉयच्या ‘मालक आणि नोकर’मध्ये हिमवादळात अडकलेल्या व्यापाऱ्याला होणारी उपरती मला दोन्ही वेळा घाईची वाटली. त्याउलट चेखव्हच्याच ‘अपराधी’तील देनिस गळाला वजन म्हणून रेल्वेरुळाचा नट काढतो आणि सगळे नट काढत नाही, काही ठेवतो, असे तपास करणाऱ्या दंडाधिकाऱ्याला प्रामाणिकपणे सांगतो. त्याला कोठडीकडे नेले जाते तेव्हाही तो कराच्या थकबाकीबद्दलच बोलत असतो. ही कथा मी तिसऱ्यांदा वाचली आणि तरीही कोणाची बाजू घ्यावी, हे ठरवता आलेले नाही.