जुनी शाळा: मूळ रूपात उभी करायची की सिमेंट-टिनानं सावरायची?

विदर्भातल्या कितीतरी गावांत इंग्रजांच्या काळातली शाळा किंवा चावडी अजून उभी आहे. चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, सागवानी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), वर इंग्रजी कवेलू, म्हणजे कौलं. दुरुस्तीचा विषय ग्रामसभेत निघाला की दोन तट पडतात. माझं मत आधीच सांगतो: भिंती ओळंब्यात, म्हणजे न झुकता सरळ उभ्या असतील, तर मूळ रूपच.

सिमेंटचा गिलावा स्वस्त पडतो, गावातला मिस्त्री चार दिवसांत करून देतो आणि सुरुवातीला दिसतोही छान. पण जमिनीतून चढलेली ओल तो बाहेर पडू देत नाही. ओल विटेतच अडकते, क्षार साचतात, लोणा लागतो आणि मग पोपडा सुटतो तो विटेचा चुरा घेऊनच. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया जरासा हलला तरी चुना सोसून घेतो, सिमेंट तडकतं. चुन्याचं काम मात्र चिकाटीचं आहे. कळीचा (भाजलेला) चुना पाण्यात विझवून मुरवायचा, वाळू आणि सुरखीत (विटेच्या भुकटीत) मळायचा, गिलावा बरेच दिवस ओला ठेवायचा. मे महिन्यात हे काम काढूच नका, दिवाळीनंतर काढा. जाणता कारागीर मिळेपर्यंत थांबावं लागलं, तरी थांबा.

छपराचा निर्णय जास्त अवघड. कवेलू वानरं फोडतात, मिरगाआधी दरवर्षी फेरावी, म्हणजे काढून पुन्हा नीट रचावी लागतात. टिनाला ही कटकट नाही. पण पारा 45 वर गेला की टिनाखाली बसवत नाही आणि पावसाच्या आवाजात गुरुजींचं शिकवणं ऐकू येत नाही. सेवाग्रामची बापूकुटी माती, बांबू आणि कवेलूंची. ती आजही तशीच जपली आहे, कारण देखभाल नियमित होते. ती होणार असेल तरच कवेलू घ्या.

वीज, उतरता रस्ता (रॅम्प), मागे वेगळं शौचालय हे नवं खुशाल करा. पाया खचला असेल तर अभियंत्याकडून तपासून निर्लेखनाचा, म्हणजे इमारत मोडीत काढून पाडण्याचा प्रस्ताव द्यावा लागेल. जवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल, तर 100 मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे, हे पाडण्याआधी बघा.

पैसे अपुरे असतील तर आधी छप्पर गळायचं थांबवा आणि भिंतीलगतचं पाणी नालीनं दूर काढा. गिलावा पुढच्या वर्षी केला तरी चालतो.