प्लगचा रंग बघायचा की गेजचा आकडा?

दोन वर्षं मी स्पार्क प्लग काढून, उजेडात धरून, त्यांच्या रंगावरून हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा अंदाज घेत कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदलत होतो. तिसऱ्या वर्षी एक्झॉस्टच्या पाइपाला भोक पाडलं आणि वाइडबँड सेन्सर, म्हणजे धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण गेजवर आकड्यात दाखवणारा सेन्सर, बसवला. दोन्ही करून बघितलंय, म्हणून दोन शब्द लिहायचं धाडस करतो. गाडी चार सिलिंडरची, वर दोन बॅरलचा वेबर ३२/३६ कार्ब्युरेटर. एसयू कार्ब्युरेटरची जोडी असलेल्यांचं गणित जरा निराळं असतं, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

नॅरोबँड या दुसऱ्या प्रकारच्या ऑक्सिजन सेन्सरचं आधीच उरकून टाकतो. लाल-हिरव्या दिव्यांचं ते गेज दिसतं झकास. पण त्याचा सेन्सर १४.७ च्या (वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) अलीकडे-पलीकडे ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये उडी मारतो आणि तिथेच त्याचं ज्ञान संपतं. फुल थ्रॉटलला आपल्याला हवं असतं साधारण १२.५ ते १३. तिथे १२.८ आहे की ११, हे त्याला कळत नाही, दोन्ही त्याच्या लेखी नुसतं ‘रिच’, म्हणजे पेट्रोल जास्त. कार्ब्युरेटर ट्यून करायला याचा उपयोग मला तरी झाला नाही.

खरी निवड उरते ती प्लग आणि वाइडबँड यांच्यात.

प्लगची बाजू कमकुवत नाही, हे आधी कबूल करतो. वायर नाही, वेल्डिंग नाही, आणि मुख्य म्हणजे चारही सिलिंडर आपापलं वेगळं सांगतात. चौघांचा धूर जिथे एकत्र येतो त्या कलेक्टरमधला एकच सेन्सर चौघांची सरासरी दाखवतो. एक सिलिंडर रिच आणि शेजारचा लीन (पेट्रोल कमी) असेल तर आकडा मात्र सुरेख येतो. मधोमध एकच कार्ब्युरेटर असलेल्या मॅनिफोल्डवर कडेच्या आणि मधल्या सिलिंडरमध्ये असा फरक पडतोच. फुल थ्रॉटलचा प्लग वाचायची जुनी रीतही पक्की आहे: वरच्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबून थोडं अंतर न्यायचं, तिथेच इग्निशन बंद, क्लच दाबून कडेला, आणि प्लग बाहेर. अट एवढीच की रस्ता मोकळा हवा आणि किल्ली फिरवताना स्टिअरिंग लॉक होणार नाही याची खात्री हवी.

एक मात्र आहे. जुन्या मॅन्युअलमध्ये योग्य मिश्रणाची खूण म्हणून वर्णन केलेला तो बिस्किटी रंग शिसंविरहित पेट्रोलवर तितकासा उमटत नाही. प्लग फिकट निघतात आणि मग ‘हा लीन की ठीक?’ यावर तीन माणसं तीन मतं देतात. काचेच्या कलरट्यून प्लगने हा प्रश्न आयडलपुरता सुटतो: ज्योत पिवळी दिसली तर रिच, बुन्सेन बर्नरसारखी निळी दिसली तर बरोबर. पण तो लावून गाडी लोडवर चालवता येत नाही.

माझा निर्णय झाला तो एका वेगळ्याच वैतागातून. दोन हजार आरपीएमच्या आसपास गाडी निवांत चाललेली असताना पाय अगदी हळू दाबला की ती क्षणभर ओढ सोडायची आणि मग झटक्याने उचलायची. जोरात दाबला की काही नाही, कारण तेव्हा कार्ब्युरेटरमधला पंप पेट्रोलची पिचकारी मारून वेळ मारून न्यायचा. मी मेन जेट बदलला, फ्लोटची लेव्हल दोनदा तपासली, पंपाचा जेटही बदलून पाहिला. दर वेळी प्लग काढायचे. हेड तापलेलं, चौथा प्लग हीटरच्या होजच्या मागे, हातमोजा घातला तर पाना बसत नाही आणि काढला तर चटका. मनगटावरचा डाग अजून पूर्ण गेलेला नाही. आणि एवढं करून हातात काय? दर वेळी तेच चार निरागस फिकट तपकिरी चेहरे.

यात प्लगचा दोष नाही. त्याच्यावर दिसते ती गेल्या काही मिनिटांची गोळाबेरीज. एका सेकंदाचा लीन झटका त्यावर उमटतच नाही, आणि घरापर्यंतचं आयडलिंग उरलेलंही पुसून टाकतं. मी तासन्‌तास ज्या जागी पुरावा शोधत होतो तिथे तो असणं शक्यच नव्हतं, याचा राग जास्त आला.

वाइडबँड बसवल्यावर त्याच रस्त्याला पहिली फेरी मारली. गाडी एकाच वेगात चालत असताना १३.८. पाय हळू दाबला: १४.५, १६, १७ च्याही पुढे, आणि मेन सर्किट सुरू झालं तसा आकडा धपकन १२.९ वर. म्हणजे आयडल सर्किट (कमी थ्रॉटलला पेट्रोल पुरवणारं) संपायच्या आणि मेन सुरू व्हायच्या मधल्या पट्टीत पेट्रोल कमी पडत होतं. प्रायमरी बॅरलचा आयडल जेट ५० चा काढून ५५ चा घातला आणि तो गचका थांबला. सगळं मिळून अर्धा तास.

प्रामाणिकपणे सांगायचं तर ही खूण माझ्या डोळ्यांसमोर आधीपासून होती. मिक्स्चरचा स्क्रू जवळजवळ तीन फेरे बाहेर होता. या वेबरवर तो दोन फेऱ्यांच्या वर गेला की आयडल जेट लहान आहे असं समजावं, हे वाचलेलं होतं. वाचलेलं वेळेवर आठवत नाही, ती गोष्ट वेगळी.

आता वाइडबँडचे दोष. तो खोटं बोलतो, आणि ठामपणे बोलतो. सेन्सर मोजतो ऑक्सिजन, पेट्रोल नव्हे. एका हिवाळ्यात आयडलला अचानक १६ दिसू लागलं. मी मिश्रण रिच करायला मिक्स्चरचा स्क्रू सोडत गेलो, आकडा जरा खाली आला, आणि गॅरेजमध्ये डोळे चुरचुरायला लागले. शेवटी प्लग काढले तर काजळीने काळे. मॅनिफोल्ड आणि पाइप यांच्यामधलं गॅस्केट फुटलं होतं, तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती. मिसफायर झाला तरी असाच लीन आकडा दिसतो, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. जास्त ओव्हरलॅपचा (आतले-बाहेरचे दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारा) कॅम असेल तर आयडलच्या आकड्यावर फारसा जीव टाकू नये, तिथे व्हॅक्युम गेज आणि कान बरे.

बसवतानाची पथ्यं थोडक्यात. सेन्सर आडव्या रेषेपासून निदान दहा अंश वर कललेला असावा, नाहीतर थंड इंजिनमधलं पाणी त्यावर साचतं. पाइपात बसवून ठेवला आणि वीज दिली नाही तर तो काजळीने मरतो, शिशाचं पेट्रोल तर त्याला विषच. डायनॅमोच्या गाडीत आयडलला दिवे मंदावत असतील तर सेन्सरच्या हीटरचीही तीच गत होणार. पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेली) गाडी असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी दोनदा विचार करा. आणि जमलं तर गेज लॅम्ब्डावर ठेवा, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या पेट्रोलचं संतुलित प्रमाण. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं खरं संतुलन १४.१ च्या आसपास असतं, पण गेज आपलं १४.७ च दाखवत राहतं. लॅम्ब्डा १.०० म्हणजे कुठल्याही पेट्रोलवर १.००. फुल थ्रॉटलला मी ०.८६ च्या आसपास राहतो, पण तुमच्या इंजिनला काय मानवतं ते तुम्हीच बघा.

एसयूवाल्यांनी मात्र घाई करू नये, असं मला वाटतं. दोन कार्ब्युरेटर एका पाइपात मिळाले की आकडा कोणाचा हे कळत नाही, आणि तिथे कार्ब्युरेटरचा पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलून बघायची युक्ती फुकट आणि नेमकी आहे. वेग वाढून तसाच राहिला तर रिच, इंजिन बसायला लागलं तर लीन, किंचित वाढून पूर्ववत झाला तर छान. एकेका कार्ब्युरेटरचं वेगळं उत्तर मिळतं. नीडल (जेटमधून किती पेट्रोल जाईल ते ठरवणारी सुई) बदलायची वेळ आली तरच सेन्सरचा विचार करावा.

तसंच कार्ब्युरेटर, कॅम, एक्झॉस्ट सगळं कंपनीतून आलं तसंच असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर प्लग पुरेसे आहेत. उगाच पाइपाला भोक कशाला? पण यातली एक जरी गोष्ट बदललेली असेल, आणि आपल्यापैकी किती जणांनी बदललेली नसते, तर मी वाइडबँडकडेच बोट दाखवीन. कायमचा डॅशबोर्डवर हवाच असं नाही. तो समोर असला की माणूस रस्त्याऐवजी आकडा बघत बसतो, हा स्वानुभव.

माझं गेज सध्या खणात आहे आणि भोकाला बोल्ट मारलेला आहे. सेकंडरी बॅरलचा एअर करेक्टर (मेन सर्किटमध्ये हवा सोडणारा जेट) बदलायचा आहे, तेव्हा सेन्सर परत चढेल. पडताळा म्हणून प्लगही काढीन, पण पहिले तीनच.