पेठेतलं किराणा दुकान आणि भाऊंची चिठ्ठी

मी चिपळुणात 31 वर्षं अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवलं आणि जवळजवळ तितकीच वर्षं या दुकानातून किराणा भरतोय. बाजारपेठेच्या एका गल्लीत आहे. पाटी पुरात गेली, ती दुकानदार भाऊंनी पुन्हा लावली नाही.

माल चांगला. उकडे तांदूळ, नाचणी, आमसुलं, आगळ सगळं मिळतं. कुळथाचं पीठ मात्र इथलंच घ्यावं, पुडी सोडली की भाजल्या कुळथाचा वास येतो. दोनदा नारळ कुजके निघाले, दोन्ही वेळा एक शब्द न विचारता बदलून मिळाले. भाव मोठ्या दुकानांपेक्षा थोडे चढे आहेत.

तरीही मी तिथेच जातो, त्याचं कारण भाऊंची उधारी. उधारीचा आकडा ते कधी तोंडाने बोलत नाहीत. पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहितात, घडी घालतात आणि साखरेच्या पुडीखाली सरकवतात. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "सर, चारचौघांत आकडा निघाला की माणूस लाजतो. लाजला की रस्ता बदलतो. रस्ता बदलला की आपले पैसे गेले." इतकी वर्षं फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढल्या, त्यात ही लाज मी कुठेच दाखवली नव्हती.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी पेठेत शिरलं. 2005 चा पूरही भाऊंनी पाहिला होता, पण या वेळी उधारीची वहीसुद्धा वाचली नाही. चिखल उपसून झाल्यावर त्यांनी काउंटरवर शाळेची कोरी वही ठेवली आणि येईल त्याला म्हणाले, "तुमचा आकडा तुम्हीच लिहा."

माझी चिठ्ठीही वाहून गेली होती. डोक्यात दोन आकडे घोळत होते, 1,460 आणि 1,740. घरात फ्रिज, गाद्या, पुस्तकं सगळं गेलेलं, त्यामुळे 280 रुपयेही जड होते. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं होतं की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख माणसाला जास्त होतं. कानेमन यांना 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा हे मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. त्या हिशेबाने मी 1,460 लिहायला हवे होते. मी 1,740 लिहिले. भाऊंना फसवलं असं उद्या मनात आलं असतं, तर त्या गल्लीतून मान वर करून जाता आलं नसतं. ते नुकसान मला 280 पेक्षा मोठं वाटलं.

भाऊंनी आकडा वाचलाही नाही. वही मिटली आणि विचारलं, "वहिनींचे गुडघे दुखतात ना, मग पाणी आलं तेव्हा माळ्यावर कसं चढवलंत?" त्या आठवड्यात आम्हाला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. मला बोलता येईना.

तक्रारी आहेत. वजन करायला वेळ लावतात. गणपतीच्या आधीचे चार दिवस तर जाऊच नये, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत येते.

मुख्य तक्रार वेगळी. भाऊंच्या मुलाने क्यूआर कोडबरोबर आकडा बोलून दाखवणारं यंत्र बसवलंय. सोय आहे, मी स्वतः वापरतो. पण मागच्या महिन्यात एक मासेविक्रेती बाई जुन्या उधारीतले पन्नास रुपये भरत होत्या आणि यंत्राने ते पन्नास अख्ख्या दुकानाला ऐकवले. बाईंनी पिशवी उचलली आणि खाली मान घालून गेल्या. मी तिथेच मुलाला म्हटलं, "बाळा, वडिलांची चिठ्ठी आठव." तो माझाच विद्यार्थी. काही बोलला नाही.

परवा गेलो तर यंत्राचा आवाज अगदी बारीक केला होता, काउंटरला टेकून उभं राहिलं तरच ऐकू येईल इतका. कुळीथ पीठ अर्धा किलो आणलं. त्या बाई अजून दिसलेल्या नाहीत.