वेळासची कासवं की ताडोब्याचा वाघ?

मार्च-एप्रिलात चार दिवस मोकळे आहेत आणि निसर्गाच्या मुळावर न उठता कुठेतरी जायचंय, अशा वेळी दोन नावं हमखास निघतात: मंडणगड तालुक्यातलं वेळास आणि चंद्रपूरचा ताडोबा. पाटी दोन्हीकडे इकोटुरिझमचीच. पण आपला पैसा कुणाच्या हातात पडतो आणि प्राण्याच्या वाट्याला काय येतं, ते पाहा.

वेळासला आपण गावातल्याच कुणाच्या तरी घरी उतरतो. आमटी-भात, सोलकढी, पडवीत गादी. पैसे थेट त्या घरात. एके काळी इथली ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी माणसं नाहीतर कोल्हे-कुत्री उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला हाताशी धरून संवर्धन सुरू केलं. अंडी कुंपणात हलवायची आणि दीड-दोन महिने राखायची. पिल्लं निघायच्या सुमारास घरट्यावर टोपली पालथी घालतात, ती सकाळ-संध्याकाळ उचलून बघायची. खाली वळवळ असेल तर पिल्लं वाळूवर सोडतात, ती आपली आपण पाण्याकडे सरपटत जातात आणि आपण दोरीमागे उभं राहून बघायचं. टोपली रिकामी निघाली तर मुकाट चहाला परत. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

दुखणी इथेही आहेत. हंगाम छोटा. ज्याच्या घरात जादा खोली नाही, त्याच्या पदरात फारसं पडत नाही. शिवाय पिल्लं उजेडाच्या रोखानं चालतात, त्यामुळे मोबाइलचा फ्लॅश किंवा किनाऱ्यावरचा दिवा त्यांची वाट चुकवतो. शनिवार-रविवारची झुंबड तर विचारूच नका.

ताडोब्याचा पसारा वेगळाच. पर्यटनामुळे जंगलालगतच्या गावांतल्या तरुणांना गाईड, जिप्सीचालक म्हणून काम मिळालं, बायकाही गाईड झाल्या. वाघ जिवंत राहण्यात गावाचा फायदा आहे, हे भाषणापेक्षा पगारानं लवकर पटतं. मात्र महागड्या रिसॉर्टचा मालक बऱ्याचदा बाहेरचा; गावकऱ्याच्या वाट्याला झाडलोट नाहीतर स्वयंपाकघर. जंगलाच्या गाभ्यातल्या काही गावांना तर घरदार सोडून उठावं लागलं. आणि एप्रिल-मेमध्ये सफारीला गर्दी असते, तेव्हाच आजूबाजूच्या बायका मोहफुलं नि तेंदूपत्ता वेचायला रानात शिरतात. आपण पैसे मोजून जो वाघ बघायला जातो, तोच त्यांच्या जिवावर उठू शकतो.

त्यात 'साइटिंग'चा, म्हणजे वाघ दिसलाच पाहिजे याचा, हव्यास. ३१ डिसेंबर २०२४ ला शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला पाच बछड्यांसह पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवलं. प्रकरण थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं.

माझं मत सरळ वेळासच्या बाजूनं. घरात लहान मुलं असतील तर प्रश्नच नाही; फक्त आडवारी जा आणि घर आधी ठरवून ठेवा. वाघच बघायचा असेल, तर रिसॉर्टऐवजी गावात कुणाकडे सोय होते का ते आधी विचारा, बफरमधली, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली, सफारी घ्या आणि जिप्सीत बसतानाच गाईडला सांगून टाका, 'दादा, वाघ नाही दिसला तरी चालेल, गाडी दामटू नका.' बुकिंग ऑनलाइन होतं. मंगळवारी सफारी बंद असते.