बिडाचा तवा आणि रोजची घावनं: दहा महिन्यांच्या वापरानंतर

तवा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, दहा इंची, वजन सव्वादोन किलो, एका बाजूला छोटा कान. आठवड्यातून चार-पाच सकाळी घावनं, अधूनमधून आंबोळ्या. मुक्काम रत्नागिरीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे खारी हवा आणि चार महिने धो धो पाऊस. घाटावर हाच तवा इतकी सेवा मागणार नाही.

आधी एक गैरसमज. घावनाला जाळी पडते ती तव्यामुळे, हे निम्मंच खरं. उरलेलं सगळं पाण्यावर आणि तांदळावर. तवा नवा असून चिकटतंय अशी तक्रार असेल तर दहातल्या सात वेळा पीठच घट्ट निघतं.

प्रमाण असं: एक वाटी तांदळाचं पीठ, पावणेदोन ते दोन वाट्या पाणी, मीठ. ताकाइतकं पातळ. पळी बुडवून वर काढली आणि पाठीवर बोट फिरवलं, तर रेघ लगेच मिटायला हवी. रेघ तशीच राहिली तर अजून पाणी घाला. जाळी म्हणजे तापलेल्या तव्यावर पाण्याची वाफ होऊन ती पिठातून फुटून बाहेर येते. पीठ जाड असेल तर वाफेला वाट मिळत नाही आणि चिवट पोळा तयार होतो.

तांदूळ सुरय, म्हणजे न उकडलेला घ्यावा, उकडा नको, आणि निदान सहा महिने जुना. नव्या भाताचा तांदूळ चिकट, त्याची घावनं उलथण्याला लोंबतात. तांदूळ धुवून, सावलीत कापडावर वाळवून गिरणीतून बारीक दळून आणलेलं पीठ सगळ्यांत चांगलं. दुकानातलं पिठीचं पाकीट कोरडं दळलेलं असतं. ते पाणी सावकाश पितं, म्हणून कालवल्यावर वीस मिनिटं थांबावं लागतं, नाहीतर घावन काढताना तुटतं. दोन चमचे शिजलेला भात वाटून त्यात घातला तर पीठ बरंच सुधारतं. रात्री तांदूळ भिजवून सकाळी मिक्सरला वाटणं चवीला सरस, पण पावसात सकाळी लाईट असेलच असं नाही. त्यासाठी डब्यात पीठ असलेलं बरं. आणि एप्रिल-मेमध्ये कालवलेलं पीठ रात्रभर बाहेर ठेवू नका, सकाळपर्यंत आंबूस होतं.

खर्च सांगायचा तर तांदूळ ५० रुपये किलो आणि दळणाचे दहा धरले, तर किलोभर पिठात साधारण चाळीस घावनं होतात. म्हणजे दीड रुपयाला एक, तेल-गॅस वेगळा.

आता तवा. नवा आणला की साबणानं एकदा घासून दोन-तीन दिवस तांदळाच्या धुवणात बुडवून ठेवायचा, धुवण रोज बदलायचं. मग पुसून, गॅसवर तापवून, तेलाचा अगदी पातळ हात. धूर येईपर्यंत तापवणं, निववणं, परत तेल, असं चार-पाच वेळा. तेल तापून घट्ट होतं आणि त्याचाच काळा लेप बसतो. इथे सगळे जास्त तेल ओततात. मग लेपाऐवजी चिकट डाग पडतात आणि घावन नेमकं तिथेच धरतं. पहिली चार-पाच घावनं फाटणारच. पंधरा दिवसांनी तवा हाताला येतो.

रोजची पद्धत. मध्यम आचेवर पाच मिनिटं तवा तापू द्यायचा. ही पाच मिनिटं वाचवता येत नाहीत. पाण्याचा शिंतोडा टाकल्यावर थेंब नाचले की अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा. नारळाच्या सोडणाचा तुकडाही चालतो. पीठ तळापर्यंत ढवळून घ्यायचं आणि कडेपासून मध्याकडे पळीनं ओतायचं. मध्ये भोकं राहिली तर राहू द्यात. पळीनं पसरवायचं ते आंबोळीला, घावनाला नाही. झाकण एक मिनिट, मग उघडं अर्धा मिनिट, कडा सुटल्या की काढायचं. उलटायची गरज नाही. झाकण उचलताना सरळ वर न घेता तिरकं बाजूला न्यावं, नाहीतर वाफेचं पाणी घावनावर गळून तिथे लगदा होतो. दर वेळी ढवळणं विसरलात तर तांदळाचं पीठ तळाशी बसतं: पहिली चार कागदासारखी, शेवटची दोन थालीपिठासारखी.

पीठ पडताच पळीमागे गोळा व्हायला लागलं तर तवा जास्त तापलाय. मिठाच्या पाण्याचा हबका मारून पुसा. आवाजच आला नाही तर तवा थंड आहे, जाळी विसरा. गॅसचा बर्नर लहान असेल तर मध्य भाजतो आणि कडा चिकटतात. तवा मधूनमधून फिरवत राहणं एवढाच उपाय.

एका घावनाला दोन मिनिटं धरा. दोघांचा नाश्ता, सहा घावनं, तवा तापण्यासकट सतरा-अठरा मिनिटांत होतो. पाच माणसांना मात्र एक तवा पुरत नाही, हा त्याचा खरा दोष. दुसरा दोष वजनाचा. मनगट दुखत असेल त्यानं घेऊ नये.

पावसाळ्यात गंज हमखास. धुतल्यावर फडक्यानं पुसणं पुरत नाही. दोन मिनिटं गॅसवर वाळवून, कोमट असतानाच तेलाचं बोट फिरवायचं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलात तर दमटपणा आतच राहतो आणि सकाळी तांबूस ठिपके. आलेच तर काथ्यानं मीठ घासून काढा आणि दोनदा तेल तापवा. तापल्या तव्यावर गार पाणी कधीच ओतायचं नाही, बीड तडकतं.

मुलांना जाड गोड पॅनकेक हवा असेल तर तोही याच तव्यावर: वाटीभर कणीक, एक अंडं, पाऊण वाटी दूध, दोन चमचे गूळपूड, पाऊण चमचा बेकिंग पावडर. आच मंद, कारण गूळ बिडावर पटकन करपतो. मिक्सचं महाग पाकीट आणायची काही गरज नाही.

भाकरी या तव्यावर भाजू नये, कोरड्या आचेनं लेप जळतो. बांगड्याचा तवाही वेगळाच हवा. आगळ (कोकमाचा आंबट रस) आणि चिंच लेप खातात हे एक कारण. दुसरं असं की दुसऱ्या दिवशीच्या घावनाला बांगड्याचा वास येतो, आणि गूळ-खोबऱ्याशी तो जमत नाही.