कोकणात रोजची भाजी: घाटावरची की गावठी?

गावी कायमचं राहायला आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात कौलं, विहिरीचा पंप आणि मोबाइलची रेंज यांची काळजी असते. भाजीचा प्रश्न दुसऱ्या महिन्यात उभा राहतो. गावात भाजी पिकते, मग अडचण कसली, असं लांबून वाटतं. पण कुडाळच्या बुधवारच्या बाजारात एक फेरी मारली की कळतं, टोमॅटो, फ्लॉवर, मेथी, गाजर, ढोबळी मिरची हे सगळं कोल्हापूर-बेळगावकडून घाट उतरून आलेलं. आणि कडेला गोणपाटावर लाल माठाच्या चार जुड्या, दोन पडवळं, एक तवसं, म्हणजे जाडजूड गावठी काकडी, असा पसारा मांडून बसलेल्या आजूबाजूच्या गावांतल्या बायका.

रोजच्या जेवणात निरनिराळ्या भाज्या हव्यात, इतकं ठरलं की पुढे दोन वाटा फुटतात. एक, आठवड्याच्या बाजारातून घाटावरची भाजी पिशव्या भरून आणायची आणि फ्रीजच्या भरवशावर आठवडा काढायचा. दुसरी, गावठी भाजीवर घर चालवायचं: बायकांकडची, शेजारची, परसातली, आणि जोडीला डब्यातली कडधान्यं. आमच्या घरात दोन्ही करून झालंय. आता मी दुसऱ्या बाजूला आहे, तरी पहिली वाट टाकाऊ आहे असं म्हणणार नाही.

घाटावरच्या भाजीचा मोठा गुण म्हणजे ती विचार करायला लावत नाही. वर्षातला कुठलाही बुधवार घ्या, आठ-नऊ प्रकार मिळणारच. मुलांच्या डब्याला काय द्यायचं हे रविवारीच ठरवता येतं. शिवाय भरपूर मिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. चौघांच्या घराला आठवड्याचे अकरा किलो झाले! आपल्याकडे माशाची आमटी आणि भात यांच्यामधल्या जागेत डावभर भाजी वाढायची पद्धत. त्यात लाल माठाच्या दोन जुड्या कढईत पडल्या की मूठभर होतात. नुसता आकडा गाठायचा तर घाटावरची पिशवी जिंकते, हे आधीच मान्य करून टाकतो.

पण ‘विविध’ म्हणजे काय, यावर थोडं थांबायला हवं. घाटावरच्या भाजीत आठवड्यात वैविध्य असतं, वर्षात नसतं. जानेवारीतला बुधवार आणि जुलैतला बुधवार यांच्या पिशव्या शेजारी ठेवल्या तर ओळखता येणार नाहीत. गावठीचं नेमकं उलटं. आठवड्यात तीच ती, पण वर्षाचा हिशोब मांडला तर पिशवीतल्यापेक्षा कितीतरी जास्त.

मिरगाचा पाऊस पडला की टाकळा उगवतो. त्याचे कोवळे शेंडे, भिजवलेली मूगडाळ किंवा उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, आणि वर ओलं खोबरं. मग फोडशी, कुर्डू, भारंगी, पुढे फागलं, म्हणजे वरची माणसं ज्याला कर्टोली म्हणतात ती. अळू तर विहिरीच्या कडेला पावसाळाभर असतंच. गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी, म्हणजे शेवग्याचा पाला, आणि आंबोळ्यांबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबार. गणपतीच्या सुमाराला मांडवावरून शिराळी, पडवळ, दुधी, कारली, भेंडी, तवशी एकदम खाली उतरतात. ऋषिपंचमीची भाजी म्हणजे तर या सगळ्या परसाची एका टोपात भरलेली सभाच: अळू, माठ, भेंडी, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, आंबाडे, आणि हे सगळं बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेलं असायला हवं. भात कापून झालं की वायंगणाच्या, म्हणजे भातानंतरच्या हिवाळी पिकाच्या, वाफ्यांत लाल माठ, मुळा, वांगी, वाल, चवळी. फेब्रुवारी-मार्चला ओले काजूगर शंभराच्या हिशोबाने विकायला येतात. पाठोपाठ कोवळ्या फणसाची कुयरी, शेवग्याच्या शेंगा, नीरफणसाचे काप. केळफूल अधूनमधून केव्हाही. कढईत आज काय आहे त्यावरून महिना सांगता यावा, इतकं हे स्वच्छ चालतं.

कंटाळा मात्र येतो, तोही भरपूर. भाद्रपदात पडवळ सुरू झालं की ते थांबत नाही. आपलं संपतं तोवर शेजारच्या वहिनी दोन आणून ठेवतात, आणि नको म्हणायची सोय नसते. यावर उपाय म्हणजे भाजी नाही, तिची कृती बदलायची. चण्याची डाळ घालून सुकी भाजी, वाल घालून रसाची, कोवळं असेल तर चकत्या करून रवा लावून तव्यावर, आणि बिया भाजून त्यांची चटणी. शिराळ्याच्या साली टाकायच्या नाहीत, तीळ आणि सुकं खोबरं घालून परतायच्या. भोपळ्याच्या वेलाची फुलं भज्यांना आणि कोवळा पाला भाजीला. ज्या घरात कृती ठरलेल्या दोनच आहेत, त्या घरात गावठीचा निभाव लागणं कठीण. हे मी घाबरवायला सांगत नाही, पण विचारात घ्या.

निवडण्याचा वेळ हाही खरा खर्च आहे. लाल माठ तीन पाण्यांतून काढल्याशिवाय रेती जात नाही. केळफुलाच्या प्रत्येक फुलातली ताठ काडी काढून ते ताकाच्या पाण्यात टाकायचं, नाहीतर काळं पडतं. कुयरी कापायची तर हाताला आणि विळीला खोबरेल तेल हवं. अळू-सुरणात चिंच, कोकम किंवा आंबाडे नसतील तर घसा धरतो, कारण त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचतात. रानभाजी ओळखत नसाल तर स्वतः खुडायला जाऊ नका, ओळखणाऱ्याकडून घ्या. अळंबीच्या बाबतीत तर हा नियम मोडूच नका. सकाळी आठच्या एसटीने दोघंही कामावर जाणाऱ्या घरात केळफूल कोण सोलणार, हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

तरीही आम्ही पिशवी सोडली, आणि त्याचं कारण मासे.

बुधवारी बाजार करून आलात, फ्रीज गच्च भरला. आता जेवण तुम्ही ठरवत नाही, नासण्याचा क्रम ठरवतो. घाट उतरेपर्यंत मेथीचा एखादा दिवस गेलेलाच असतो, वर ताजी दिसावी म्हणून तिच्यावर पाणी मारलेलं. म्हणजे गुरुवारी मेथीच. शुक्रवारी पालक, कारण तो शनिवार बघणार नाही. मग वांगी, मग फ्लॉवर, त्यावर काळे ठिपके दिसायच्या आत. एवढ्यावर भागलं असतं तर वेळापत्रक म्हणून चालवून घेतलं असतं. पण किनाऱ्यावरच्या घरात मासे वेळापत्रकाने येत नाहीत. गुरुवारी अकराच्या सुमाराला कोळीण दारात येते, टोपलीत सकाळचे बांगडे, डोळे चकचकीत. त्या दिवशी मेथी कोण करतो? मेथी शुक्रवारवर गेली, पालक शनिवारवर. शनिवारी कुणीतरी तारली पाठवली. रविवार काय, माशाचाच. आणि सोमवारी, घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, असतं आणि भाजीची खरी गरज असते त्या दिवशी, फ्रीज उघडावा तर अर्धा कोबी, बटाटे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत मेथीचा हिरवा चिखल.

हे आमच्याकडे एखाद्या आठवड्यात व्हायचं असं नाही, मासे चांगले आले की व्हायचंच. मासे बरे तो आठवडा भाजीचा वाईट, असं ते गणित. फेकण्यापेक्षा जास्त त्रास कुरकुरीचा व्हायचा. ताजे मासे समोर आले की आनंद व्हायच्या आधी मनात यायचं, अरे, त्या मेथीचं काय. मासे घेताना मेथीची आठवण येणं मला तरी सहन होईना.

गावठीत हा पेच पडत नाही. मांडवावरचं पडवळ दोन दिवस जास्त लोंबलं तर थोडं जून होतं, त्यापलीकडे काही नाही. अळूची पानं विहिरीपाशी उभीच आहेत. माठाची जुडी त्या सकाळी घ्यायची आणि त्या दुपारी संपवायची, माशांची चाहूल असेल तर घ्यायचीच नाही. आणि ज्या दिवशी मासेही नाहीत आणि भाजीही नाही, त्या दिवशी रात्री भिजत घातलेले काळे वाटाणे किंवा चवळी. सगळी भाजी फ्रीजबाहेर, आपापल्या जागी राहते, म्हणून ताट ऐन वेळी बदलता येतं. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच आहे की ओल्या कचऱ्याच्या बादलीत आता साली आणि देठ दिसतात, आख्ख्या जुड्या दिसत नाहीत.

पावसाळ्यात पारडं आणखी झुकतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद, त्यामुळे ताटात भाजी वाढवावीच लागते. नेमक्या त्याच दिवसांत करूळ, फोंडा, आंबोली यांपैकी एखाद्या घाटात दरड आली की गाड्या लांबून फिरून येतात आणि कोथिंबीर सोन्याच्या भावाने जाते. वीज रात्रभर गेली तर फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. त्याच वेळी टाकळा, फोडशी, अळू फुकटात किंवा फुकटासारखं उगवत असतं.

सगळं गावठीच खा, असा हट्ट मात्र करू नये. कांदा, बटाटा, लसूण, आलं आम्ही घाटावरचंच आणतो, ते टिकतं. टोमॅटो लागतील तेवढेच, कारण आंबटाला कोकम आहेच. थंडीत गाजर, मटार, एखादा फ्लॉवर हौसेने. एप्रिल-मे हा गावठीचा खरा पडता काळ. विहिरी तळाला गेलेल्या, पालेभाजी जवळजवळ नाहीच. फणस, काजू, शेंगा आणि कैरी यांच्यावर ओढायचं, किंवा सरळ पिशवी घेऊन बाजारात जायचं. आम्ही जातो. भाड्याच्या खोलीत एकटं राहणारा, पाळीची नोकरी करणारा, किंवा घरात फक्त बटाटा-भेंडी खाणारी मुलं असलेला माणूस असेल तर त्याने बारा महिने घाटावरची भाजी आणली तरी काही बिघडत नाही. फक्त आठवड्याचं एकदम न आणता दोनदा थोडं थोडं आणावं, आणि पालेभाजीपुरतं तरी गोणपाटाकडे बघावं.

परसाच्या भरवशावर उडी घ्यायची असेल तर माकडांचा हिशोब आधी करा. काकडी, दुधी, भोपळा यांच्यावर वानरांची टोळी उतरली की सकाळी मांडवाखाली नुसते चावलेले तुकडे. आमच्याकडे अळू आणि सुरण यांच्या वाटेला ती जात नाहीत, कारल्याचाही फारसा सोस दिसत नाही. म्हणून आम्ही घरी एवढंच लावतो, बाकीचं विकत. बियाणं हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने इथल्या पावसाला आणि मातीला धरून काढलेल्या जाती आहेत: कारल्याची कोकण तारा, शिराळ्याची कोकण हरिता, पडवळाची कोकण श्वेता, अळवाची कोकण हरितपर्णी. शेजाऱ्याने राखेत ठेवलेलं बी मिळालं तर तेही घ्या. चवीला मला तेच उजवं वाटतं, अर्थात हे माझ्या जिभेचं मत.

निर्णय लगेच घ्यायलाच हवा असंही नाही. एक-दोन बुधवार नुसता क्रम बदलून बघा. घाटावरच्या गाड्या संध्याकाळपर्यंत हलत नाहीत, उलट उतरत्या उन्हात भाव उतरतो. गोणपाटावरच्या बायका मात्र सकाळच्या पहिल्या एसटीने येतात आणि परतीची गाडी धरायला दुपारच्या आत उठतात. “काकानू, आजच घेवा, उद्या गावाची नाय,” म्हणजे उद्या मिळायची नाही, असं त्या म्हणतात ते विकण्यासाठी म्हणतात हे खरं, पण बहुतेक वेळा ते तसंच असतं. तेव्हा आधी त्यांच्याकडे जा, जे मिळेल त्याने पिशवी भरा, आणि उरलेल्या जागेत कांदे-बटाटे घ्या.